आजारी कोंबडीचं देणं

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, ताप उतरेना, की महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत अजूनही कोंबड्याचा नवस बोलला जातो. कुठे मरीआईला, कुठे म्हसोबाला, कोकणात राखणदाराला. माणूस उठून बसलं की कोंबडा कापला जातो आणि नवस फिटतो. ही रीत एकट्या मराठी मुलखाची नाही. योम किप्पूरच्या आधी काही ज्यू कुटुंबांत कोंबडं डोक्याभोवती फिरवून आपलं पाप त्याच्यावर उतरवतात. इसवी सनपूर्व 399 मध्ये अथेन्सच्या तुरुंगात विषाचा प्याला घेतल्यावर सॉक्रेटिस शेवटचं काय बोलला, हे प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. वैद्यकाचा देव अस्क्लेपिअस याला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, तेवढं ऋण फेडायला विसरू नका, असं तो मित्राला सांगून गेला.

माणसाच्या दुखण्याची किंमत कोंबड्यानं चुकवायची, हा हिशेब असा फार जुना आहे. मग कोंबडीच आजारी पडली, तर तिच्या दुखण्याची किंमत कोणी चुकवायची?

‘कोंबडीच तर आहे’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. बाजारात तिचे काहीशे रुपये येतात, औषधपाण्याला तेवढेच लागतात आणि एवढं करून ती जगेल याची खात्री कोणीच देत नाही. शिवाय जिला उद्या कापायचंच आहे तिची आज शुश्रूषा कसली, असाही प्रश्न येतो, आणि तो बिनतोड वाटतो. पण धर्मविचाराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. गाय, घोडा, कुत्रा यांच्याभोवती श्रद्धा असते, इतिहास असतो, लळा असतो. कोंबडीच्या बाजूनं यातलं काहीच उभं राहत नाही. ती देवाचं वाहन म्हणून पूजली जात नाही, तिच्या नावाचा सण नाही, तिच्या निष्ठेच्या गोष्टी कोणी सांगत नाही. म्हणून तिच्याबद्दल काही कर्तव्य असलंच, तर ते नुसत्या कर्तव्याच्याच बळावर उभं राहावं लागतं.

आधी आजारपण कसं असतं ते पाहायला हवं, कारण कोंबडी ते दाखवत नाही. ज्याच्यावर घार, मुंगूस, कोल्हा टपलेले असतात त्या जिवाला अशक्तपणा लपवावाच लागतो. लपवायचं कारण कळपातही असतं. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एबे यानं 1921 मध्ये आपल्या प्रबंधात कोंबड्यांच्या टोचण्याची उतरंड मांडली. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट्यानं बाजूला व्हायचं, हे प्रत्येक कळपात ठरलेलं असतं. जी कोंबडी ढिली पडते ती या उतरंडीत खाली घसरते, दाण्याजवळून हाकलली जाते, आणि न खाल्ल्यामुळे आणखी ढिली पडते. त्यामुळे ती शक्य तितके दिवस चारचौघींसारखी वावरत राहते. दाणे टाकले की धावत येते, चोच मारल्यासारखं करते, पण गिळत काहीच नाही. पिसांच्या फुगाऱ्यामुळे अंग भरलेलं दिसतं. ती पेंगायला लागते, तुरा फिका पडतो, शेपटी खाली येते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

खरी स्थिती हाताला कळते. कोंबडी उचलून पोटाखालून बोटं फिरवली की छातीचं उभं हाड लागतं. धडधाकट कोंबडीत त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं, रोडावलेल्या कोंबडीत हाडाची धार थेट बोटांना टोचते. साधारण सव्वा ते दीड किलोची गावरान कोंबडी काट्यावर आठ-नऊशे ग्रॅम भरली, तर ती आज आजारी पडलेली नाही. कित्येक दिवस उपाशी आहे. कारणं अनेक असतात: पोटातले जंत, रक्ती हगवण, पिसांच्या मुळाशी बसलेल्या उवा, गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत अडकलेला गवताचा गोळा, पोटातच फुटलेलं अंडं. खुडूक बसलेली कोंबडीही वजनानं उतरते, पण तो तिचा आजार नसतो. पिल्लं निघाली की ती आपसूक भरते. एवढा फरक कळायला कोंबडीकडे रोज पाहणारं माणूस लागतं.

गावाकडे अशा कोंबडीचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मान टाकायच्या आत सुरी फिरवतात. याला लगेच क्रूरपणा म्हणणं अन्यायाचं होईल. परसातल्या कोंबड्या ही बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईची स्वतःची मिळकत असते. अंडी विकून वहीपेनाचे, तिकिटाचे, दवाखान्याचे पैसे त्यातून निघतात, आणि त्या पैशाचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नाही. मरणारी कोंबडी हे तिचं बुडणारं भांडवल असतं. जनावरांचा दवाखाना लांब असतो, तिथे गाईम्हशींची रांग असते, आणि एका कोंबडीसाठी मजुरी बुडवून जाणं परवडत नाही. या घराला दयेवर प्रवचन देणं सोपं आहे. पण त्या बाईला कोंबडीचं दुखणं दिसत नाही असं मुळीच नाही. तीच ते सगळ्यांत आधी ओळखते, तीच डालग्याखाली वेगळं ठेवते, तीच हळद लावते. तिच्यासमोरचा पेच असा, की दिसलेल्या दुःखासाठी किती खर्च करायचा हे ठरवण्याची मोकळीक तिच्याकडे फार थोडी असते. परसदारी हौसेनं चार कोंबड्या पाळणाऱ्या शहराकडच्या घराला ती मोकळीक असते. म्हणून त्या घरावरचं देणंही अधिक असतं.

या देण्याचा विचार या भूमीत नवा नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याची नोंद आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्याचंही त्यात सांगितलं आहे. त्याच्या शिलालेखमालेचा एक तुकडा 1882 मध्ये सोपाऱ्याला सापडला, म्हणजे ही राजाज्ञांची मालिका कोकणच्या किनाऱ्यापर्यंत कोरली गेली होती. राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात तर कोंबड्याचा थेट उल्लेख येतो: कोंबड्यांना खच्ची करू नये. मांस वाढावं म्हणून कोंबडा खच्ची करण्याची चाल तेव्हाही होती आणि एका चक्रवर्तीला ती थांबवावीशी वाटली. याच अशोकानं पहिल्या शिलालेखात आपल्या मुदपाकखान्याबद्दल स्पष्ट कबुली दिली आहे. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरिण मारलं जातं, हरिणही रोज नाही, आणि पुढे तेही मारलं जाणार नाही. त्याची अहिंसा पूर्ण झालेली नव्हती. तरीही अपुरी आहे म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली नाही.

मराठी परंपरेत शरण आलेल्या जिवाची गोष्ट थेट आद्य गद्यग्रंथात भेटते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो आणि स्वामी तो शिकाऱ्यांच्या हाती देत नाहीत. एकनाथांची तर गोष्टच घराघरात सांगतात. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेलं काशीचं गंगाजल त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. पण या दोन्ही गोष्टींत एक सोय आहे. ससा आणि गाढव दोघंही वाटेत भेटलेले, परके. त्यांच्यावर उपकार केला आणि प्रसंग संपला. परसातली कोंबडी वाटेत भेटलेली नसते. ती घरची असते, तिची अंडी रोज खाल्लेली असतात, कदाचित तिच्या बहिणी ताटात आलेल्या असतात. तिच्याशी असलेलं नातं आधीच देण्याघेण्याचं आहे, आणि त्यात घेणं कोणाकडून जास्त झालं आहे हे स्पष्ट आहे.

किती जास्त, हे आकड्यांत सांगता येतं. कोंबडीचं मूळ असलेला लाल रानकोंबडा आग्नेय आशियातला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार थायलंडमधल्या बान नोन वाट इथे सापडलेले पाळीव कोंबड्यांचे अवशेष साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि माणसाजवळ येण्याचं कारण बहुधा भातशेती हे होतं. सांडलेल्या दाण्यांच्या ओढीनं हा पक्षी जंगलातून शेताच्या बांधावर आला. ती रानातली मादी पिल्लं काढण्यापुरतीच अंडी घालते, एका खेपेला साधारण 5-6. आजची गावरान कोंबडी वर्षाला 60 ते 80 घालते, ‘वनराजा’, ‘गिरिराज’ यांसारख्या सुधारित परसबागेच्या जाती 100 च्या वर, आणि व्यावसायिक अंडीवाल्या जाती 300 च्याही वर. प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून पुरलं नाही तर ते हाडांतून काढलं जातं. म्हणून हाडं ठिसूळ होतात, अंडं अडकतं, अंडाशयाला सूज येते, बलक पोटात पडून जंतुसंसर्ग होतो. अनेक जुन्या कोंबड्यांचा अशक्तपणा या वाटेनं येतो. हा आजार निसर्गानं दिलेला नाही. माणसानं पिढ्यान्पिढ्या निवड करून तो तिच्या शरीरात रुजवला आणि त्याच्या बदल्यात नाश्त्याला अंडं मिळवलं.

इथे देण्याचा प्रश्न भावनेतून बाहेर येतो. सगळे जीव समान आहेत की नाहीत, कोंबडीला आत्मा आहे की नाही, ती पुढच्या जन्मी कोण होणार, या वादांचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज उरत नाही. ज्यानं एखाद्या जिवाचं शरीर आपल्या गरजेप्रमाणे घडवलं, त्याचं रानात एकट्यानं जगण्याचं सामर्थ्य काढून घेतलं, त्याला कुंपणात ठेवलं, त्यानं त्या शरीराचं दुखणंही आपलं मानायला हवं. हे पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे आणि ते पाळलेल्या जिवापुरतंच आहे. रानातली घार भुकेनं मेली तर तो माणसाचा दोष नाही. डालग्याखालची कोंबडी उपाशी मेली तर तो दोष निश्चित कोणाचा तरी आहे.

भारताच्या कायद्यानंही हाच पाया धरला आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं तिसरं कलम, प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर त्याच्या हिताची आणि त्याला अनावश्यक वेदना न होऊ देण्याची जबाबदारी टाकतं. अकराव्या कलमानुसार मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं अठ्ठाविसावं कलम धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या प्राणिहत्येला गुन्ह्यातून वगळतं. म्हणजे नवसाचा कोंबडा कापणाऱ्याला कायदा अडवत नाही, पण तोच कोंबडा महिनाभर उपाशी ठेवणाऱ्याला जाब विचारतो. वरवर ही विसंगती वाटते. पण तिच्यामागचा विचार उघड आहे: मारण्याची मुभा मिळाली म्हणजे हाल करण्याची मुभा मिळाली असं होत नाही.

धर्मचिंतकांना मात्र याहून बारीक अडचणी पडल्या आहेत. पहिली अडचण औषधाचीच. रोडावलेल्या कोंबडीला जंताचं औषध दिलं की तिच्या आतड्यातले असंख्य जंत मरतात. एक जीव वाचवायला शेकडो जीव मारायचे, ही अहिंसा कशी? ज्ञानदेवांनी हा पेच सातशे वर्षांपूर्वी उघडपणे मांडला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं लक्षण सांगताना ते यज्ञातल्या पशुहत्येबरोबर आयुर्वेदालाही प्रश्न विचारतात. जीव राखायचा म्हणून झाडं मुळासकट उपटायची, दुसऱ्या जिवांचा घात करायचा, ही कसली रक्षा, असा त्यांचा रोख आहे. जैन विचारानं या प्रश्नाला एक उतरंड दिली. जंत हे दोन इंद्रियांचे जीव, मुंगी तीन, माशी चार आणि पक्षी पाच इंद्रियांचा. जितकी इंद्रियं अधिक तितकी वेदनेची जाण अधिक आणि हिंसेचं पापही अधिक. या उतरंडीनं जंत मारणं निर्दोष ठरत नाही, पण कमी वाईट काय ते निवडता येतं. ज्ञानदेवांच्या प्रश्नाचं मोल यातच आहे. ते वाचलेला माणूस कोंबडीला औषध देईल, पण आपण निष्पाप आहोत असं समजून देणार नाही.

दुसरी अडचण दया कोणावर करायची ही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे कबुतरं, पोपट, कोंबड्या फुकट बऱ्या केल्या जातात. मांस खाणाऱ्या पक्ष्यांना मात्र इतर पक्ष्यांबरोबर ठेवून घेत नाहीत. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांना जखमी घार सापडली होती आणि ती मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या रुग्णालयात घेतली गेली नाही. तेव्हा त्यांनी घारींवर घरीच उपचार सुरू केले. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या 2022 च्या माहितीपटानं त्यांचं काम जगभर पोहोचवलं. एकीकडे धान्य खाणाऱ्या पक्ष्याला सांभाळणारी श्रद्धा, दुसरीकडे शिकारी पक्ष्यालाही सांभाळणारी. कोंबडी यांच्यामध्ये कुठेतरी बसते, कारण ती शाकाहारी मुळीच नाही. किडे, गांडुळं, पाल, उंदराचं पिल्लूसुद्धा ती आनंदानं खाते. तिची शुश्रूषा ती निष्पाप आहे म्हणून करायची नसते. ती आपल्या ताब्यात आहे आणि दुखतंय, एवढंच कारण पुरेसं असतं.

ही शुश्रूषा प्रत्यक्षात असते तरी कशी?

पहिलं काम तिला वेगळं काढण्याचं. टोपली किंवा खोकं, खाली कोरडं गवत किंवा गोणपाट, वाऱ्याला आडोसा. कोंबडीच्या अंगाची उष्णता 41-42 अंश सेल्सिअस असते आणि रोडावलेल्या अंगाला ती टिकवता येत नाही, म्हणून थंडी-पावसात एका बाजूला बल्बची ऊब द्यावी, दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा तिला सरकता येईल. वेगळं ठेवलं तरी शक्यतो बाकीच्या कोंबड्यांचा आवाज तिच्या कानावर राहावा. ती एकटीनं राहणारी नाही, आणि फार दिवस दृष्टीआड राहिली तर परतल्यावर तिला परकी म्हणून टोचतात. संसर्गाची शंका असेल तर मात्र अंतर ठेवावंच लागतं.

आधी पाणी, मग अन्न. चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घातलेलं पाणी, किंवा दुकानात मिळणारी इलेक्ट्रोलाइटची पूड. तोंड उघडून पाणी ओतायचं नसतं. श्वासाचं छिद्र जिभेच्या मुळाशीच असतं आणि घशात ओतलेलं पाणी सहज फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की ती स्वतः गिळते. मग मऊ भात, भिजवलेलं खाद्य, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, थोडं थोडं, दिवसातून चारपाच वेळा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला एकदम भरपूर खाऊ घालणंही घातक ठरतं. रात्री झोपताना गळ्याजवळची पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती टणक किंवा आंबूस वासाची लागली तर अन्न पुढे सरकत नाही, हे कळतं. शिटेचा रंग पाहायचा: हिरवट पातळ शीट बहुधा उपासमार सांगते, रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका घ्यायची. शेपटीखालची पिसं फुंकर मारून दूर केली की उवा दिसतात. आणि रोज एकाच वेळी वजन, कारण डोळे फसतात, काटा फसत नाही, आणि औषधाचं प्रमाणही वजनावरच ठरतं. औषध पशुवैद्यकाला विचारून द्यायचं. प्रतिजैविक दिलं असेल तर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. दर वेळी हात साबणानं धुवायचे.

यात अध्यात्म कुठे आहे, असं कोणी विचारेल. महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची कथा याचं उत्तर देते. तपस्वी कौशिक झाडाखाली बसलेला असताना वरून बगळी त्याच्या अंगावर शिटते. तो रागानं वर पाहतो आणि ती मरून पडते. पुढे एक गृहिणी त्याला भिक्षेसाठी थांबवून ठेवते, कारण ती नवऱ्याला वाढत असते. तो चिडतो तेव्हा ती शांतपणे सांगते, मी काही ती बगळी नव्हे. तीच त्याला मिथिलेतल्या एका खाटकाकडे पाठवते, आणि मांस विकणारा तो व्याध आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा दाखवून ब्राह्मणाला धर्म शिकवतो. या कथेत एका पक्ष्याचा जीव तपाच्या बळानं गेला आहे. ते बळ असलेल्या माणसाला जे कळलं नाही ते रोजचं वाढणं-उचलणं करणाऱ्या दोघांना कळलं होतं. आजारी जिवाची शीट पाहणं, त्याच्या पोटावरून बोटं फिरवणं, तो किती घास खातो ते मोजणं यात दुसऱ्याच्या शरीराकडे आपल्या उपयोगाचा विचार सोडून पाहावं लागतं. अंडी किती, मांस किती, हा हिशेब तेवढा वेळ थांबतो. अहिंसा न मारण्यापुरतीच मानली तर ती घरात बसूनही साधते. हे लक्ष देणं मात्र हात घाण केल्याशिवाय साधत नाही.

तरीही काही कोंबड्या सावरत नाहीत. पोटात पाणी भरतं, पाय लुळे पडतात, मान वाकडी होऊन मागे फिरते. अशा वेळी तिला मरू द्यायचं की मारायचं? हा प्रश्न 1928 मध्ये साबरमती आश्रमात एका वासराच्या निमित्तानं उभा राहिला होता. वासरू असह्य वेदनांत होतं, बरं होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकडून टोचून त्याला मरण दिलं आणि ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’त तसं लिहून सांगितलं. रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. अनेक जैनांचं म्हणणं होतं की प्रत्येक जीव आपलं कर्म भोगतो, त्यात हात घालण्याचा अधिकार माणसाला नाही. आणि दुःख पाहवत नाही म्हणून मारणं ही बहुतेकदा पाहणाऱ्याची सोय असते. गांधीजींचं उत्तर असं, की वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल आणि स्वतःचा काही स्वार्थ नसेल, तर ते मारणं हिंसा नव्हे. आपल्या मुलावर अशी वेळ आली असती तरी आपण हेच केलं असतं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि कोंबडीच्या बाबतीत जैनांचा इशारा अधिक मोलाचा आहे. वासराला मारण्यात आश्रमाला लाभ नव्हता. कोंबडीला ‘सोडवण्यात’ मात्र घराला खर्च वाचवायचा असतो, कटकट टाळायची असते, कधी रस्साही करायचा असतो. म्हणून निर्णयापूर्वी गांधीजींची अट मनाशी तपासावी लागते: दुसरा मार्ग खरंच उरला नाही का, आणि यात आपलं काही साधतं का? ती तपासल्यावरही मरणच योग्य ठरलं, तर ते पशुवैद्यकाच्या हातून, झटकन, भीती न दाखवता यावं. औषध दिलेल्या किंवा रोगानं खंगलेल्या कोंबडीचं मांस खायचं नाही, हा आरोग्याचा नियमही इथे हेतू शुद्ध ठेवायला मदत करतो.

दयेला सार्वजनिक मर्यादाही असते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्या परिसरातले लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. त्यांत पोल्ट्रीतले होते तसे लोकांच्या अंगणातलेही होते, आजारी होते तसे धडधाकटही. एकेका घरानं आपापली कोंबडी वाचवली असती तर रोग माणसांपर्यंत पोहोचण्याची भीती होती. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, डोकं सुजलं, तुरा काळानिळा पडला, तर घरगुती शुश्रूषा थांबवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं हेच कर्तव्य ठरतं. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं ते बंधनकारकही केलं आहे. एका जिवाची काळजी आणि सगळ्यांची काळजी इथे समोरासमोर येतात, आणि एकीला मागे सरावं लागतं.

बरी झालेल्या कोंबडीचं पुढे काय, हा शेवटचा पेच. आषाढ आला, पाहुणे आले, आणि भरवून जगवलेली तीच कोंबडी समोर आहे. कित्येक मांसाहारी घरांत अशी कोंबडी कापवत नाही. ती विकून दुसरी आणतात, किंवा म्हातारी होऊन मरेपर्यंत ठेवतात. तर्काला धरून पाहिलं तर विकलेली कोंबडीही कापलीच जाणार. पण ही तर्कातली चूक पकडून त्या घरांना खोटं ठरवण्यात काही हशील नाही. एका कोंबडीपुरता का होईना, त्यांना तिच्या शरीराचा उपयोगाशिवायचा परिचय झालेला आहे, आणि त्या परिचयाचा मान ते त्यांना जमेल तसा राखतात. शाकाहारी माणसानंही इथे स्वतःला वेगळं काढू नये. अंडी खाणाऱ्याचा आणि न खाणाऱ्याचा फरक मोठा असला, तरी कोंबडी पाळून तिला दुखण्यात वाऱ्यावर सोडणारा, मग तो काहीही खात असो, देणं बुडवतो.

आणि हे देणं आजारपणाच्या आधीच सुरू होतं. परसातल्या कोंबड्यांना सर्वांत जास्त मारणारा मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एकदा लागला की त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लू पहिल्या आठवड्याचं असताना डोळ्यात किंवा नाकात ‘लासोटा’ लशीचा थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी ‘आर-टू-बी’ची सुई. एका मात्रेचा खर्च नगण्य असतो. अडचण अशी, की लशीची कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, ती बर्फातच आणावी लागते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या एका घराला ती कुपी आणणं जमत नाही आणि परवडतही नाही, म्हणून बहुतेक घरं आणतच नाहीत, आणि एका पावसाळ्यात आळीच्या आळी रिकामी होते. आळीतल्या पंधरावीस घरांनी एक दिवस ठरवला, पशुधन पर्यवेक्षकाला आधी सांगून ठेवलं, कोणी थर्मासमध्ये बर्फ घेऊन दवाखान्यात गेलं आणि सगळ्यांनी संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर धरून दिल्या, तर तासाभरात काम होतं. बचतगटांच्या महिन्याच्या बैठका तशाही होतातच. त्यांच्या वहीत भिशीच्या खाली लशीची तारीख लिहायला एक ओळ पुरते.